जीपच्या अंगात यायचं तेव्हा

नाना, परवा रविवारी ताईची मुलगी डोंबिवलीहून आली. चहाही न घेता तिने एक छापील पुस्तिका माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "मावशी, यातला कुठला घेऊ ते तू सांग." तिने आणि तिच्या नवऱ्याने जुनी जीप घेतली आहे. कामाला नाही, हौसेला. सुट्टी मिळाली की ती चिखलात, दगडधोंड्यांत, नदीच्या पात्रात मुद्दाम घालायची आणि मग दोन दिवस धूत बसायचं. ज्या रस्त्यांना आम्ही शिव्या घातल्या ते रस्ते ही पोरं आता शोधत हिंडतात. पुस्तिकेत स्टिअरिंगची थरथर आवरायला लावायच्या स्टॅबिलायझरचे सहा-सात प्रकार होते, एक तांबडा, एक पिवळा, एक दुहेरी नळ्यांचा, आणि प्रत्येकाखाली त्याची आरती ओवाळलेली. मी चष्मा लावून पहिला प्रश्न विचारला, "थरथर कधी येते?" ती म्हणाली, "ते नाही गं माहीत, पण सगळे लावतात." मग तिला तासभर समोर बसवून मी खोदून खोदून विचारलं, आधी पुढच्या चाकांची बेअरिंगं दाखवून घ्यायला सांगितलं, आणि त्यानंतर त्यातल्या सगळ्यांत साध्या, हलक्या नळीवर बोट ठेवलं. "एवढीशी?" म्हणाली. म्हटलं, एवढीशीच. ती खूश होऊन गेली. तेव्हापासून माझं मनातल्या मनात तुमच्याशी बोलणं चाललंय, म्हणून म्हटलं एकदा कागदावर उतरवून मोकळी होते.

तुम्ही त्याला स्टॅबिलायझर कधी म्हटलं नाहीत, तुमच्या तोंडी डँपर. लढाई संपली, मिलिटरीने कल्याणचे कॅम्प सोडले, आणि तिथल्या वर्कशॉपात सहा वर्षं फिटर म्हणून राबलेले तुम्ही बेकार झालात. शहाडच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड भाड्याने घेतलीत आणि बाहेर पाटी लावायची म्हणून आईने आठवण करून दिली तर म्हणालात, ज्याची गाडी बिघडेल तो येईल शोधत. आणि यायचे की. मिलिटरीने मोडीत काढलेल्या जीपा तेव्हा पार ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत पसरल्या होत्या. कुणी त्यात भात वाहायचा, कुणी लग्नाची वरात काढायचा. शेडच्या मागच्या ओसाड परेड ग्राउंडवर तुम्ही मला गाडी शिकवलीत. मी तेव्हा सुईणपणाचं शिक्षण पुरं करून कल्याणच्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्स म्हणून लागले होते. शिकवण्याचं कारण काय सांगितलंत आठवतं? "तुला तोंडावर फाडकन बोलायची सवय आहे, गाडीशी बोललीस तर निदान कुणाला लागणार नाही." ठाण्याला जाऊन परवाना काढला तेव्हा तिथल्या साहेबाने मला तीनदा गाडी मागे घ्यायला लावली. चौथ्यांदा मी म्हटलं, आता तुम्ही घेऊन दाखवा. तुम्ही बाहेर उभे राहून कपाळाला हात लावलात, पण रस्ताभर हसत होतात.

दवाखान्याला एका दानशूर गृहस्थाने जीप दिली, आणि ती मोहने, आंबिवली आणि त्यापलीकडच्या पाड्यांवर बाळंतपणासाठी न्यायची असं ठरलं. जीप चांगली होती, पण ताशी तीस मैलाच्या आसपास, चाक एखाद्या खाचेवरून गेलं की स्टिअरिंगला थरकाप सुटायचा. थरकाप म्हणजे साधा नाही. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडायला लागायची, स्टिअरिंग हातातून निसटायचं, दात वाजायचे, आणि गाडी पार थांबवेपर्यंत ते थांबायचं नाही. दवाखान्याचा ड्रायव्हर, आम्ही त्यांना काका म्हणायचो, त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात निदान केलं. गाडी मेलेल्या गोऱ्या सोल्जरची आहे आणि तो अंगात येतो. झालं. मग बंपरवर नारळ फुटला, लिंबू-मिरची बांधली गेली, रेडिएटरला हळदकुंकू लागलं. काका भला माणूस, त्यांनी तर दर शनिवारी पुढच्या सीटखाली एक विडी पेटवून ठेवायला सुरुवात केली, सोल्जर असल्याने त्याला तलफ असणार म्हणून. आंबिवलीच्या पुढे एका पाड्यावरची म्हातारी मला सारखी बजावायची, "बाय, तुमचे गारीचे अंगान येतं गो, तिला कायतरी इचारून घ्या." मी हसायचे. पण काकांच्या अंगात काही येण्याआधीच ते नोकरी सोडून गावी गेले.

आता जीप होती आणि चालवायला माणूस नव्हता. मी चिटणीसांना सांगितलं की मी चालवते. चिटणीस म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, दवाखान्याच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी जणू विमान मागितलं. मी थांबले नाही. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मी एका पाड्यावर बैलगाडीने पोचले होते, सकाळी निघून दुपार टळल्यावर. बाई वाचली, बाळ मी पोचायच्या आधीच गेलेलं होतं. तिच्या सासूने मला शिव्या दिल्या नाहीत, पाणी दिलं. ते पाणी मला अजून गिळता येत नाही, नाना. म्हणून चिटणीस हो म्हणोत की नाही, निरोप आला त्या दुपारी मी जीप काढली आणि गेले. जाताना काही झालं नाही. बाळंतपण नीट झालं. येताना मोहन्याच्या अलीकडे उतारावर गाडी तिशीच्या वर गेली, बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोरीत चाक बसलं, आणि जे सुरू झालं ते मी तुम्हाला कधी पुरं सांगितलं नाही. तुम्हाला मी म्हटलं, "बांधावर चढली जरा." ती जरा नव्हती. समोर एक बैलगाडी होती, त्यात चार बायका आणि कडेवरची पोरं. स्टिअरिंगने माझा अंगठा मुरगाळला आणि हातातून सुटलं. जीप कशी कोण जाणे उजवीकडच्या भाताच्या खाचरात घुसली आणि बांधाला छाती टेकून उभी राहिली. बैलगाडी हातभर अंतरावरून निघून गेली. त्यातल्या एका बाईने मागे वळून माझ्याकडे बघितलं, तिला काय घडता घडता राहिलं ते कळलंच नव्हतं. मला कळलं होतं. माझी पाचावर धारण बसली होती.

बातमी कल्याणात माझ्या आधी पोचली. चिटणीसांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मी ओरडून घेतलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, हे बघा. तुमचे वडील या गावातले जाणते मिस्त्री. त्यांनी लेखी द्यावं की गाडी ठीक आहे आणि चालवणारीही ठीक आहे. मी डोळे मिटून चावी तुमच्या हातात देईन. महिनाभर वाट बघतो. नाहीतर जीप विकून टाकू, आणि तुम्ही इथेच, दवाखान्यात, येतील त्यांची बाळंतपणं करा." मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. तिने हात थांबवला आणि तुमच्याकडे बघितलं. तिच्या बघण्यात सरळ लिहिलेलं होतं, नाही म्हणा. तुम्हाला ते वाचता आलं, मलाही आलं. तुम्ही एकच कागद लिहायचा अवकाश, जीप गेली असती, मी कल्याणच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं नसतं, आणि तुम्हाला रात्री नीट झोप लागली असती. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि म्हणालात, "आण उद्या गाडी. बघू काय म्हणते ती."

मला वाटलं होतं आणली की तुम्ही खाली घुसाल. तुम्ही घुसला नाहीत. मला एका उपड्या ऑइलच्या डब्यावर बसवलंत, कानावरची पेन्सिल काढलीत आणि विचारायला लागलात. थरथर सपाट रस्त्याला येते का खाचेवरूनच? वेग वाढवताना येते का सोडताना? आधी हाताला कळतं की आधी समोरचं बॉनेट हलताना दिसतं? डाव्या चाकाकडून सुरू होतं की उजव्या? ब्रेक दाबला की वाढतं की कमी होतं? मी म्हटलं, "नाना, असं मी बायांना विचारते. कळ कुठून येते, किती वेळ राहते." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग? अंगात आलेल्यालाही आधी विचारतातच की, कोण आहेस, काय पाहिजे. तुझे ते ड्रायव्हरकाका अर्ध्यापर्यंत बरोबर गेले होते. नारळ फोडला, पण विचारलं नाही." हे तुम्ही इतकं गंभीरपणे म्हणालात की मला हसावं की वहीत लिहून घ्यावं कळेना. पाड्यावरची म्हातारी हेच सांगत होती, विचारून घ्या म्हणून, आणि मी तिला अडाणी समजत होते.

मला धीर नव्हता. महिन्यातले चार दिवस असेच गेलेले. मुंबईहून स्पेअर पार्टचा एक विक्रेता आपल्या शेडवर यायचा, टाय लावलेला, घामाने डबडबलेला. त्याच्याकडे अमेरिकन नमुन्याचा स्टॅबिलायझर होता, बाहेरून जाडजूड स्प्रिंग असलेला. तो म्हणाला हा लावा, उद्यापासून स्टिअरिंग एका बोटाने धरा. मी तो तुम्हाला न विचारता ठेवून घेतला आणि संध्याकाळी तुमच्यापुढे ठेवला, अगदी बक्षीस मिळाल्यासारखी. तुम्ही तो हातात घेतलात, स्प्रिंग दाबून बघितली आणि परत माझ्या हातात दिलात. "तापाने फणफणलेली बाई आली तर कपाळावर गार पट्टी ठेवून घरी पाठवतेस?" मी तो खाली ठेवला. "ही स्प्रिंग चाक जबरदस्तीने सरळ करते. आतला सांधा ढिला आहे तो तसाच राहणार, फक्त तुला कळणार नाही. आणि ज्या दिवशी तो सांधा निखळेल त्या दिवशी तू चाळीसच्या वेगात असशील." तुम्ही आवाज चढवला नाहीत. पण शेडमधल्या सगळ्यांसमोर बोललात, आणि मला तोंडात मारल्यासारखं झालं. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, गावभर बाई म्हणून मान मिळवणारी मी, घरी जाऊन उशीत डोकं खुपसून रडले. दुसऱ्या दिवशी निमूटपणे तो स्प्रिंगवाला त्या टायवाल्याला परत केला.

मग सुरू झालं खरं काम, आणि ते दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे होते हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. दवाखाना सुटला की मी शेडवर यायचे, पदर खोचायचे आणि तुम्ही सांगाल ते धरायचे. तुम्ही खाली आडवे झालेले असता, मी स्टिअरिंग हळूच डावं-उजवं हलवते आहे, आणि खालून तुमचा आवाज येतो, "थांब. पुन्हा. हां, हा बघ एक." मधल्या खिळीला खेळ होता, म्हणजे ती जागेवर सैल हलत होती, ती नवी बसवलीत. दोन सांध्यांचे गोळे झिजले होते. चाक ज्या दांड्यावर वळतं तिथली बेअरिंगं ढिली होती, त्यांच्याखालचे कागदासारखे पातळ पत्रे तुम्ही एकेक काढत होता आणि दर पत्र्यानंतर वाण्याकडून आणलेला ताणकाटा अडकवून ओढून बघत होता, चाक वळवायला किती जोर लागतो ते. वाणी दोनदा काटा मागायला येऊन गेला. तिसऱ्यांदा तो स्वतःच गुडघ्यावर बसून आकडा वाचायला लागला. शेवटी दोरी ताणून दोन्ही चाकांची तोंडं जुळवलीत. हे सगळं झाल्यावर, आणि त्याआधी नाही, तुम्ही म्हणालात, "आता डँपर. आता तो झाकायला नाही, सांभाळायला."

डँपर निवडणं हेही एक प्रकरणच. स्वस्तात पडेल म्हणून मी सुचवलं, जीपच्याच धक्के झेलणाऱ्या लोखंडी पाट्यांना असतो तो शॉक अ‍ॅब्सॉर्बर आडवा बांधू. तुम्ही एक जुना आणून माझ्या हातात दिलात. "दाब. आता ओढ." दाबताना तो सहज आत गेला, ओढताना अडला. "पाट्यांना असाच लागतो. पण स्टिअरिंगला हा लावलास तर डावीकडे वळताना मऊ आणि उजवीकडे वळताना कडक. गाडी कायम एका बाजूला रुसलेली." मग तो तुम्ही जमिनीवर आडवा ठेवून हलवलात, तर आतून गुळगुळ आवाज आला. उभा होता तोवर ठीक, आडवा पडल्यावर तेलात हवा शिरली. दोन्हीकडे सारखा अडणारा आणि आडवा चालणारा, असा पाहिजे होता. कॅम्पात राहायला आलेले एक सिंधी गृहस्थ मिलिटरीचा भंगार माल विकायचे. त्यांच्याकडे दोन निघाले. एक हलका, एका छोट्या फौजी मोटारीचा. दुसरा माझ्या मनगटाएवढा जाड, मोठ्या ट्रकचा. शेठ म्हणाले, "बेटी, बडावाला ले जा, जिंदगीभर चलेगा." तुम्ही दोन्ही दहा-दहा वेळा दाबून-ओढून बघितलेत आणि हलका उचललात. मी विचारलं, जाड का नको? तुम्ही म्हणालात, "गाडी आता ठीक आहे. ठीक असलेल्या माणसाला एवढं औषध कशाला? जाड लावलास तर स्टिअरिंग दगडासारखं होईल, दिवसभर चालवलंस तर खांदे उतरतील तुझे."

महिन्यातले सहा दिवस उरले असताना आपण चाचणीला निघालो. अमेरिकन जीप, स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे तुम्ही उजव्या बाजूला, जिथे बाकीच्या गाड्यांत चालवणारा बसतो तिथे रिकाम्या हाताने बसलात. मला ते फार विचित्र वाटलं, तुमच्या समोर काहीच नाही असं. शहाड मागे पडलं. मी पंचवीस, अठ्ठावीस, तीस केलं. तोच मोहन्याकडचा रस्ता, तोच उतार, त्याच चाकोऱ्या. तुम्ही मुद्दाम म्हणालात, "जाऊ दे त्याच खाचेतून." गेली. पस्तीसला गेली. जीप वाघासारखी सरळ निघाली, नाना, काही म्हणता काही झालं नाही. मग तुम्ही हात लांब करून दोन बोटं स्टिअरिंगच्या कडेवर टेकवलीत आणि डोळे मिटलेत, डॉक्टर नाडी बघतात तसे. बराच वेळ तसेच बसलात. मग म्हणालात, "आहे अजून. बारीक. पण आहे." मी रस्त्यावरून नजर न काढता म्हटलं, "हो नाना. मलाही जाणवतेय."

पुढचे पाच दिवस तुम्ही जेवणापुरते घरी येत होता. सगळं पुन्हा उघडलंत. पत्रे पुन्हा मोजलेत, दोरी पुन्हा ताणलीत, चाकं काढून दुसऱ्या जीपची लावून बघितलीत. इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना बोटं टेकवून बघितलीत, तर काही नाही. मी आत बसून चालवायला लागले की आहे. तुम्ही स्वतः चालवलीत तर नाही. यावर तुमचं म्हणणं असं की माझं वजन कमी, त्यामुळे पुढचा भार वेगळा पडतो, आणि तुम्ही माझ्या सीटखाली वाळूचं पोतं ठेवून बघितलंत. आई म्हणाली, "एवढं काय आहे त्यात, नाही म्हणून टाका ना." तुम्ही तिच्यावर पहिल्यांदाच चिडलात, "नाही म्हणायला काहीतरी सापडायला नको का?" शेवटच्या दिवशी तुम्ही हलका डँपर काढलात आणि शेठकडून तो जाड आणून लावलात. मला ते बघवत नव्हतं. तुम्ही पाना फिरवत होता आणि तुमचं तोंड असं झालं होतं, जसं एखाद्याला भरपंक्तीत खोटं बोलावं लागतंय. पुन्हा तोच रस्ता, तोच उतार. आता स्टिअरिंग इतकं जड की दोन्ही हातांनी, दात आवळून धरावं लागत होतं. तुम्ही बोटं टेकवलीत. "गेली," म्हणालात. घरी न येता तुम्ही थेट चिटणीसांकडे गेलात आणि बंद पाकीट देऊन आलात. दुसऱ्या दिवशी चावी माझ्या हातात होती.

मी नऊ वर्षं ती जीप चालवली. किती बाळंतपणं केली याची मोजदाद ठेवली नाही, पण आंबिवलीच्या पलीकडे अशी कितीतरी घरं आहेत जिथे अजून मला जावयासारखं जेवायला वाढतात. मला पाणी देणाऱ्या त्या सासूच्या घरी पुढे तीन नातवंडं झाली, तिन्ही माझ्या हातची. स्टिअरिंग शेवटपर्यंत दगडासारखं राहिलं. माझे दंड असे झाले की पाड्यावरच्या बाया मला पैलवान म्हणायच्या, आणि उजवा खांदा आजही थंडीत दुखतो. मी सुखी होते, नाना. संध्याकाळी परत येताना मोहन्याच्या उतारावर नदीवरून वारा यायचा, मागे औषधांची पेटी खुळखुळायची, आणि मला कुणाचीच काही पडलेली नसायची. तुम्ही मात्र त्या एका थरथरीला विसरला नाहीत. कुणी तुमच्या हाताचं कौतुक केलं की म्हणायचात, "मुलीच्या जीपमध्ये एक राहिली. सापडली नाही मला, झाकली." शेवटच्या आजारपणात, बोलायला धाप लागत असताना, एकदा मला म्हणालात, "कदाचित मागच्या पाट्यांकडून येत असेल. मागे मी बघितलंच नाही." मी तुमचं पांघरूण सारखं केलं आणि म्हटलं, आता पडा बघू.

तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी दवाखान्याने नवी गाडी घेतली आणि जीप विकली. चिटणीसांनी जुन्या कागदांची निरवानिरव करताना ते पाकीट माझ्या हातात दिलं, म्हणाले, तुमच्या वडिलांचं अक्षर, तुमच्याकडे असू द्या. तुमचं ते टपोरं, रूळ मारल्यासारखं अक्षर. लिहिलं होतं, गाडी चालवण्यायोग्य आहे. एक बारीक थरथर मला शोधता आलेली नाही, ती जड डँपर लावून झाकली आहे, हा दोष माझा समजावा. आणि खाली, वेगळ्या ओळीत, चालवणारीविषयी मला शंका नाही, तिचा हात स्थिर आहे.

नाना, गाडी हलक्या डँपरवर पहिल्याच दिवशी पुरती ठीक झाली होती. थरथर माझ्या हातांची होती. त्या बैलगाडीपासून मी स्टिअरिंग धरलं की माझे हात कापायचे, आणि ते थांबायला पुढे दोन-अडीच महिने लागले. जाड डँपरने ते कापणं फक्त तुमच्या बोटांपर्यंत पोचू दिलं नाही. खरं सांगितलं असतं तर तुम्ही तो कागद लिहिला नसता, म्हणून तुमची बोटं टेकली होती तेव्हा मी खापर जीपवर फोडलं आणि तुम्हाला पाच दिवस तिच्याखाली लोळू दिलं. या कागदाला पाकीट आणलेलं नाही, पत्ता तरी काय घालणार. पण तुम्हाला काही सापडलं नाही, कारण तिथे काही नव्हतंच.